प्रतिक्रियेला उत्तर : सँडबॉक्स असताना नकली सर्व्हर कशाला?

सप्रेम नमस्कार.

एपीआय जोडणीची, म्हणजे दोन प्रोग्राम ज्या दुव्याने एकमेकांशी बोलतात त्याची, स्वतःच्या संगणकावर चाचणी कशी करावी यावरील माझ्या लेखाला आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा आहे : पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा) स्वतःच चाचणीसाठी सँडबॉक्स, म्हणजे खरे पैसे न हलवणारी प्रतिकृती, देतो, मग आपल्या लॅपटॉपवर नकली सर्व्हर म्हणून त्याची नक्कल उभी करणे हा दुप्पट खटाटोप आहे, मोठ्या कंपन्यांना तो परवडतो, पण गोव्यातल्या होमस्टेंसाठी बुकिंगची सॉफ्टवेअरे करणाऱ्या तीन माणसांच्या कार्यालयाला परवडत नाही, शिवाय नकली सर्व्हरवर सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे यशस्वी, दिसतात आणि खरी जोडणी पहिल्याच दिवशी कोसळते. यातला शेवटचा मुद्दा वजनदार आहे आणि त्याकडे मी येणारच आहे, पण आधी हे सांगायला हवे की नकली सर्व्हरकडून आपण भलत्याच कामाची अपेक्षा करत आहात.

गेटवे कसा वागतो हे पाहण्याची जागा सँडबॉक्सच आहे, याबद्दल आपल्यात मतभेद नाही. गेटवे बिघडल्यावर आपला कोड कसा वागतो, हा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि सँडबॉक्स आपल्याला हवा तेव्हा, हवा तसा बिघडत नाही. एक उदाहरण घेऊ. पाहुण्याने बुकिंग रद्द केले, आपल्या प्रोग्रामने परताव्याची विनंती पाठवली, गेटवेने ती पूर्णही केली, पण उत्तर आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी जोडणी तुटली. प्रोग्रामला दिसतो तो केवळ टाइमआउट, म्हणजे उत्तराची मुदत टळल्याची खूण. त्याने विनंती पुन्हा पाठवली तर दोनदा परतावा जाण्याचा धोका, आणि पाठवली नाही तर परतावा झाला की नाही हे कळायला मार्ग नाही. यावरचा रूढ उपाय आपल्याला ठाऊक असेलच : विनंतीसोबत ‘आयडेम्पोटन्सी की’, म्हणजे त्या विनंतीची स्वतंत्र ओळखखूण, पाठवायची, म्हणजे तीच की घेऊन आलेली दुसरी विनंती नवी न मानता गेटवे पहिल्याच विनंतीचा निकाल परत देतो. परंतु पुन्हा प्रयत्न करताना आपला कोड खरोखर तीच की पाठवतो, की फेरीगणिक नवी की तयार करतो, हे उत्तर हरवल्याशिवाय उघड होत नाही. नकली सर्व्हरला एवढेच सांगायचे असते की काम कर, नोंद ठेव आणि उत्तर न देता जोडणी बंद कर. त्याला जेमतेम वीस-पंचवीस ओळी लागतात, त्यामुळे खटाटोप दुप्पट होतो हे मला पटत नाही.

वेबहुकच्या, म्हणजे घटना घडली की गेटवे स्वतःहून आपल्या सर्व्हरला पाठवतो त्या सूचनेच्या, बाबतीतही हेच. रेझरपे या गेटवेला पाच सेकंदांत यशस्वी उत्तर मिळाले नाही, तर तो तीच घटना वाढत्या अंतराने चोवीस तासांपर्यंत पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. शिवाय घटना घडल्या त्याच क्रमाने पोहोचतील याची हमी नसते. म्हणजे एकच सूचना दोनदा येणे, किंवा पैसे जमा झाल्याची सूचना मंजुरीच्या सूचनेआधी येणे, हा अपवाद मानताच येत नाही. डिसेंबरच्या गर्दीत एकाच पेमेंटवर दोन खोल्या अडकल्या, की यजमान गेटवेला नव्हे, आपल्याला फोन करतो.

पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट दोन्ही बेभरवशाची असतात आणि एनग्रोकचा (आपल्या लॅपटॉपला इंटरनेटवर तात्पुरता पत्ता देणाऱ्या साधनाचा) दुवा सतत तुटतो, ही आपली तक्रार रास्त आहे, पण माझ्या मते ती नकली सर्व्हरच्या बाजूनेच बोलते. एनग्रोक खरी विनंती एकदा पकडण्यापुरता वापरावा; तिचा मजकूर आणि हेडर (सोबतची पूरक माहिती) फाइलमध्ये जतन केले, की पुढे तीच विनंती इंटरनेटशिवाय हवी तितक्या वेळा स्वतःच्याच संगणकावरच्या प्रोग्रामला पाठवता येते. सही, म्हणजे सूचना गेटवेकडूनच आली हे पटवणारी सांकेतिक खूण, मात्र चाचणीच्या गुपितासह (गेटवे आणि आपण दोघांनाच ठाऊक असलेल्या किल्लीसह) दर वेळी नव्याने काढावी, कारण स्ट्राइपसारख्या पेमेंट सेवेत सहीमध्येच वेळ गुंफलेली असते आणि त्यांच्या लायब्ररी पाच मिनिटांहून जुनी सही मुळातच नाकारतात.

सहीचा विषय निघालाच आहे, तर आपल्याकडे हमखास भेटणारी एक अडचण सांगतो. एचमॅक पद्धतीची ही सही आलेल्या मजकुराच्या बाइटांवर काढलेली असते. पुष्कळ जण जेसन (माहिती ज्या मांडणीत येते ती) आधी उलगडतात, पुन्हा बांधतात आणि त्यावर सही पडताळतात. नावे रोमन लिपीत असतील तर ते बहुधा जुळतेही. पण समजा पेमेंटसोबतच्या टिपेत पाहुण्याचे नाव ‘नाईक’ असे देवनागरीत आहे आणि गेटवेने ती अक्षरे जशीच्या तशी पाठवली आहेत. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतले जेसन-एनकोड हे फंक्शन मूळ सेटिंगवर ‘न’च्या जागी बॅकस्लॅश, यू आणि ०९२८ असे लिहिते. अर्थ तोच, बाइट वेगळे, सही अमान्य. कार्यालयात सगळे ‘टेस्ट यूजर’ असे रोमनमध्ये टंकतात, त्यामुळे सँडबॉक्सवर महिनोन्‌महिने काही दिसत नाही. जतन केलेल्या नमुन्यांत एक तरी देवनागरी नाव असावे, असा माझा आग्रह त्यासाठीच आहे.

तारखांचेही तसेच. घटनेची वेळ युनिक्स सेकंदांत, म्हणजे एका ठरलेल्या क्षणापासून मोजलेल्या सेकंदांच्या आकड्यात, येते. १ जानेवारीला पहाटे दोन वाजता झालेले पेमेंट यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे ३१ डिसेंबरच्या रात्री साडेआठचे ठरते आणि अहवालात आदल्या वर्षात जाऊन बसते. जूनमध्ये बसून सँडबॉक्सकडून असे पेमेंट मिळवता येत नाही, फाइलमधला आकडा बदलता येतो.

आता आपला खरा आक्षेप. नकली सर्व्हरची उत्तरे कागदपत्रे वाचून हाताने टंकली, तर आपण म्हणता तसेच घडते : कोडही आपल्या समजुतीवर बेतलेला आणि परीक्षकही, मग दोघांचे एकमत होणारच. म्हणून उत्तरे सँडबॉक्सकडूनच नोंदवून घ्यावीत आणि रोज रात्री एक छोटी चाचणी खऱ्या सँडबॉक्सवर चालवून नोंदीशी ताडून पाहावी. त्यात फक्त फील्डांची (उत्तरातल्या रकान्यांची) नावे आणि त्यांचे प्रकार जुळवावेत, कारण त्यांतली मूल्ये आणि क्रमांक जुळवू लागलात तर ती रोज विनाकारण लाल होईल आणि आठवड्याभरात तिच्याकडे कोणी पाहणार नाही. प्रत्यक्ष ग्राहकांच्या विनंत्या नमुना म्हणून कधीही जतन करू नयेत; पाहुण्यांचे फोन क्रमांक कोडच्या भांडारात पडून राहणे हा स्वतंत्र धोका आहे.

ज्या यजमानाला केवळ पेमेंट लिंक पाठवायची आहे आणि नोंद हाताने करायची आहे, त्याच्यासाठी यातले काहीही करू नये, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मात्र आपले सॉफ्टवेअर परतावा आपोआप देते, असे आपणच लिहिले आहे. हाताशी एकच दुपार असेल, तर वेबहुक, सही, तारखा हे सारे तूर्त बाजूला ठेवून उत्तर हरवण्याची ती एक चाचणी परताव्यावर चालवून पाहावी, आणि ती ऑक्टोबरात हंगाम सुरू होण्याआधी.