आधारची झेरॉक्स द्या, म्हणे!

कोणत्याही लॉजवर खोली घ्यायला गेले की काउंटरवरचा माणूस मान वर न करताच आधारची झेरॉक्स मागतो आणि ती आधीच फुगलेल्या फायलीत खुपसून मोकळा होतो. शेवटचे 4 आकडेच दाखवणारे मास्क्ड आधार पुढे केले, तर "हे चालत नाही" असे ठणकावले जाते. वास्तविक ती सोय आधार प्राधिकरणानेच दिलेली आहे. ही फाइल कोण हाताळतो, ती रद्दीत कधी जाते, असे विचारणाऱ्याकडेच संशयाने पाहिले जाते, याची मला मनस्वी चीड येते. शिवाय निव्वळ कागदावर राहिलेल्या झेरॉक्सला नवा डेटा संरक्षण कायदा लागूच होत नाही. तो फक्त डिजिटल माहितीपुरता आहे.

खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी ऑगस्ट 2017 मध्ये एकमताने दिला. त्यानंतर हा डेटा संरक्षण कायदा संमत व्हायला 2023 उजाडले, नियम अधिसूचित व्हायला नोव्हेंबर 2025, आणि कंपन्यांवरील मुख्य बंधनांना त्यापुढे आणखी 18 महिन्यांची मुदत! मात्र माहिती अधिकार कायद्यात वैयक्तिक माहिती नाकारू देणाऱ्या अपवादालाच जोडलेली, व्यापक जनहित असेल तर ती द्यावी ही अट याच डेटा संरक्षण कायद्याने काढून टाकली, आणि तो बदल ताबडतोब अमलात आला. नागरिकाला मिळायचे ते सवडीने आणि त्याच्याकडून काढून घ्यायचे ते तत्काळ, हा कुठला न्याय?