नवीन गाडीचं ग्रीसिंग: ‘सांगलीकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात मी लिहिलं होतं की लिंकेजवाली मोनोशॉक मोटारसायकल (मागं एकच शॉकअप, आणि तो तरफांच्या जोडणीतून, म्हणजे लिंकेजमधून, चाकाकडं जोडलेला) नवीन घेतली असेल तर पहिला पाऊस लागायच्या आत मागचं लिंकेज, चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) आणि हँडलचा कोनसेट (हँडल वळतं तिथली बेअरिंग) एकदा खोलून ग्रीस भरून घ्या. बऱ्याच जणांनी चांगलं लिहिलं, फोन पण आले. पण एक प्रतिक्रिया आली ती इथं जशीच्या तशी देतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की मी सोयीचं तेवढंच उचललं.

“कंपनीतले इंजिनिअर काय झोपा काढतात का? शोरूममधून आणलेली नवीकोरी गाडी घरी खोलायला सांगणं म्हणजे अर्धवट ज्ञान. वॉरंटीचं काय ते लिहिलं नाही, टॉर्कचा आकडा दिला नाही, नट कमी-जास्त आवळला गेला तर जबाबदार कोण? फोटोत नीडल बेअरिंग आहे आणि खाली लिहिलंय बॉल बेअरिंग. असले हौशी लोक पोरांना नादाला लावतात.”

खाली नाव नाही, नुसतं ‘सांगलीकर’. म्हणून मी पण सांगलीकर साहेबच म्हणतो.

तर साहेब, आधी जे माझं चुकलं ते. तिसऱ्या फोटोखाली बॉल बेअरिंग लिहिलं गेलं, ते नीडलच आहे (गोळ्यांऐवजी सुयांसारखे बारीक रोलर असलेलं), तुमचं बरोबर. रात्री साडेअकराला लिहीत होतो, नजरचुकीनं झालं, दुरुस्त केलंय. धन्यवाद.

आता ‘अर्धवट’ आणि ‘हौशी’. हे दोन शब्द मला लागले, आणि लागले हे लपवत नाही. मतभेद असू द्या, पण माणूस कोण, कुठला, काय करून आला हे माहीत नसताना एकदम अर्धवट म्हणायचं ही कुठली पद्धत? तुम्ही समोर असता तर असं बोलला असता का? आपल्याकडं गॅरेजमध्ये बारा वर्षांचं पोरगं पाना धरायला शिकत असतं त्याला पण उस्ताद असं बोलत नाही, निदान चांगला उस्ताद तरी नाही.

माझे वडील साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्समध्ये होते. प्रिया स्कूटर जिथं बनायची तीच कंपनी. घरी अर्थातच प्रिया होती आणि दिवाळीच्या सुट्टीत तिचा कोनसेट खोलणं हा आमच्या घरचा नेम होता. फरशीवर जुना पेपर, त्यावर ताटली, ताटलीत रॉकेल, आणि त्यात छर्रे धुवायचं काम माझं. मोजून टाकायचे, मोजून काढायचे. एक छर्रा कमी भरला म्हणून वडिलांनी मला अख्खं अंगण झाडायला लावलं होतं आणि तो तुळशीपाशी सापडेपर्यंत जेवायला दिलं नव्हतं. आजोबा कोरेगावकडचे शेतकरी, बैल जुंपायच्या आधी गाडीच्या कण्याला वंगण आहे का नाही बघितल्याशिवाय कासरा हातात घ्यायचे नाहीत, मग गाडी नवी असो का जुनी. तिसरी पिढी आहे साहेब वंगणात हात घालणारी. हौशी कुणाला म्हणताय?

आता तुमचं मुख्य वाक्य, इंजिनिअर झोपा काढतात का. नाही काढत. मी तसं कुठंच लिहिलेलं नाही, परत वाचा. डिझाईन करणाऱ्यानं बेअरिंग बरोबरच निवडलेलं असतं, सील पण बरोबर असतो. पण कागदावरचं डिझाईन वेगळं आणि बेअरिंगच्या आत प्रत्यक्ष किती ग्रीस गेलं ते वेगळं. बेअरिंग डब्यातून निघतं तेव्हा त्यावर जो ओशट हात असतो तो गंज धरू नये म्हणून असतो, ते वंगण नव्हे. खरं ग्रीस जोडणी करताना भरायचं असतं, आणि लाईनवर एका गाडीला मिळणारा वेळ किती असतो हे मी लहानपणापासून वडिलांच्या तोंडून ऐकलंय.

माझी स्वतःची गाडी ६४० किलोमीटर चालली होती तेव्हा खोलली. इंजिनखाली लाकडी ठोकळा लावला, चिमट्याखाली नाही कारण मागचं चाक मोकळं लोंबलं पाहिजे, रॉकरचा, म्हणजे लिंकेजमधल्या तरफेचा, बोल्ट काढला, कॉलर (बेअरिंगच्या आतली नळी) बाहेर घेतला आणि बेअरिंगमध्ये करंगळी फिरवून पांढऱ्या फडक्याला पुसली. फडक्यावर जो डाग उठला तो टिकलीएवढा होता. एवढाच. एका बाजूला सीलच्या ओठाशी थोडं पिवळट ग्रीस साचलेलं, आणि दुसऱ्या बाजूच्या सुया कोरड्या ठणठणीत, नवीन शिवणयंत्राच्या सुईसारख्या चकाकत होत्या. हे मी डोळ्यानं बघितलंय, कुणाचा व्हिडिओ बघून सांगत नाही.

आणि हे इथंच का महत्त्वाचं ते नीट समजून घ्या. चाकाचं बेअरिंग गोल फिरतं, त्यामुळं ग्रीस सगळीकडं फिरत राहतं. लिंकेजचं बेअरिंग गोल फिरतच नाही. खड्ड्यात चाक वर गेलं की ते काही अंश सरकतं आणि परत येतं, आयुष्यभर तेवढंच. म्हणजे प्रत्येक सुई तिच्या जागेवर तिथल्या तिथं घासत बसते, तिच्या खालचं ग्रीस एकदा बाजूला ढकललं गेलं की परत येत नाही, आणि मग लोखंडावर लोखंड. शिवाय शॉकअप जेवढा दबतो त्याच्या दुप्पट-तिप्पट चाक वर गेलेलं असतं, म्हणजे तरफेच्या हिशोबानं चाकावरच्या भाराच्या तेवढ्याच पट जोर त्या जोडावर येतो. वरून ही सगळी भानगड बसवलीय कुठं, तर इंजिनच्या मागं, सगळ्यात खाली, चाकाच्या तोंडाशी. यवतेश्वरचा घाट चढून कासला पावसात एकदा जाऊन या, जांभ्याचा लाल चिखल कुठं कुठं शिरतो ते घरी येऊन बघा. त्यावर लोक वॉशिंगला गाडी नेतात आणि तो पोरगा प्रेशरचा पाईप नेमका तिथंच मारतो.

आमच्या चुलत्याच्या मुलाची गाडी, माझ्याच मॉडेलची, दोन पावसाळे तशीच चालवली. मागून टक टक आवाज यायला लागला म्हणून एका सर्व्हिस सेंटरला नेली, नाव घेत नाही, त्यांनी सांगितलं शॉकअप गेलाय, बदलावा लागेल. माझ्याकडं आणली. मागचं चाक उचलून दोन्ही हातांनी वर ओढलं तर हाताला स्पष्ट टक लागत होती. बोल्ट हातानं निघेना, पितळी दांडा लावून हातोडीनं ठोकावा लागला, आणि निघाला तेव्हा आतून काताच्या रंगाचं पाणी आलं. कॉलरवर कंगव्याच्या दातासारख्या रेघा उमटल्या होत्या, सुई जिथं बसायची बरोबर तिथं एकेक. नखाला लागत होत्या. शॉकअप एकदम ठणठणीत होता, तो आजही त्याच गाडीवर आहे. ही गाडी नवीन असताना अर्धा दिवस आणि ग्रीसचा एक डबा, एवढ्यात भागलं असतं.

आणि तुम्ही तर सांगलीचे. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं तेव्हा तुम्ही कुठं होता माहीत नाही, मी पाणी ओसरल्यावर चौथ्या दिवशी मित्राच्या दारात पाने घेऊन बसलो होतो. त्या गल्लीतल्या सहा गाड्या खोलल्या, सगळ्यांच्या आत गाळ, चहाच्या गाळासारखा बारीक. त्यातली एकच गाडी अशी होती जिच्या चिमट्याची बेअरिंग मालकानं मे महिन्यात गच्च भरून घेतली होती, ती पुसून परत बसवली. बाकीच्या पाचांची बदलली. एक पैसा घेतला नाही कुणाकडून. हे सांगायचं नव्हतं, पण तुम्ही ‘नादाला लावतात’ लिहिलं म्हणून सांगावं लागलं.

वॉरंटीबद्दल मला जास्त बोलायचं नाही, ज्याला भीती वाटते त्यानं सर्व्हिस सेंटरला उभं राहून करून घ्यावं, मी अडवलंय का? टॉर्कचा आकडा, म्हणजे नट किती जोरानं आवळायचा तो, प्रत्येक गाडीचा वेगळा असतो आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापलेला असतो, मी सगळ्यांच्या गाड्यांचे आकडे कुठून देणार. जबाबदार कोण म्हणाल तर ज्याच्या हातात पाना तो. इतकं तर कळायला पाहिजे.

परत लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण नाव टाका आणि भाषा जरा बघून वापरा. मुद्द्यावर बोलणार असाल तर मी रात्रभर बोलायला तयार आहे. गोडोलीत राहतो, रविवारी सकाळी तुमचीच गाडी घेऊन या, बोल्ट तुम्ही तुमच्या हातानं काढा आणि फडक्यावर काय लागतं ते दोघं मिळून बघू.

बाकी कराडच्या ताईंनी विचारलं होतं की कुठलं ग्रीस. ताई, लिथियम कॉम्प्लेक्स, घट्टपणात दोन नंबरचं (NLGI 2), पाण्याला टिकणारं घ्या, डब्यावर लिहिलेलं असतं. आतलं जुनं ग्रीस कसलं आहे माहीत नसेल तर नवीन त्यात मिसळू नका, आधी सगळं पुसून काढा. आणि कॉलर ओढताना खाली फडकं अंथरा, काही बेअरिंगमध्ये सुयांना पिंजरा नसतो, सुट्या असतात, धक्का लागला की खाली सांडतात. भरायच्या आधी मोजून ठेवा.