व्याह्यांची लस

व्याह्यांना भांडता येत नाही, ही आपल्या समाजव्यवस्थेतली मोठी उणीव आहे. भाऊ भाऊ कडाकडा भांडतात, अबोला धरतात आणि पुढच्या गणपतीला एका पंगतीत बसून मोदक मोजतात. व्याह्यांना ती सोय नाही. त्यांना मनातली मळमळ 'आपण', 'आपलं', 'क्षमा करा, पण' अशा रेशमी रुमालात बांधूनच बाहेर काढावी लागते. आणि तो रुमाल धरून मधे उभा असतो जावई.

माझे वडील, अण्णा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पक्के काँग्रेसवाले. म्हणजे खुद्द काँग्रेसवाल्यांना उरलेला नाही इतका काँग्रेसचा अभिमान त्यांना आहे. माझे सासरे, नाना, गणिताचे मास्तर. जनसंघाच्या पणतीपासून ते कमळापर्यंत त्यांनी एकही निवडणूक चुकवलेली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी साताऱ्याहून पुण्याला आमच्याकडे आले. आठ दिवसांसाठी. मग दुसरी लाट आली आणि ते आठ दिवस जुलैपर्यंत चालले.

अण्णांच्या बाजूनं बोललो तर सासऱ्यांचा अपमान आणि नानांच्या बाजूनं बोललो तर 'हा सासुरवाडीचा झाला'. म्हणून मी फक्त 'हं' म्हणतो. ते 'हं' दोघंही आपापल्या खात्यात जमा करून घेतात.

लसीकरण १६ जानेवारीला सुरू झालं तेव्हाच अण्णांनी जाहीर केलं होतं, "मी घेणार नाही." कारणं दोन. एक म्हणजे कोव्हॅक्सीनला परवानगी मिळाली तेव्हा तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांचे आकडे आलेले नव्हते. हा मुद्दा रास्त होता, बऱ्याच जाणत्या माणसांनीही तो काढला होता. पण तेवढ्यावर थांबले तर ते अण्णा कसले! दुसरं कारण, "अखिलेश यादव म्हणालेच आहेत, भाजपची लस घेणार नाही म्हणून." अण्णांना उभ्या आयुष्यात समाजवाद्यांचं काहीही पटलेलं नाही. हे एक पटलं.

१ मार्चपासून साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली. त्याच सकाळी मोदींनी दिल्लीच्या एम्समध्ये कोव्हॅक्सीन घेतली. नाना टीव्हीसमोर उठून उभे राहिले. "घेतली तर हीच! स्वदेशी!"

थोडक्यात, एकाला लसच नको आणि दुसऱ्याला एकच हवी. मार्चच्या अखेरीस एका पहाटे मी दोघांना गाडीत घालून मनपाच्या दवाखान्यात नेलं. अण्णा 'नानासाहेबांना सोबत' म्हणून आले होते. मी त्यांचंही नाव गुपचूप पोर्टलवर घातलं होतं, कारण ओटीपी माझ्याच फोनवर येत होता आणि या घरात माझी सत्ता तेवढीच.

दोन तासांच्या रांगेनंतर दारावरची पाटी वाचता आली. खडूनं लिहिलं होतं, 'आज फक्त कोविशिल्ड'.

नाना मागे सरले. "ही विलायती."

"नाना, ही आपल्या मांजरीत बनते. हडपसरच्या पुढे. रिक्षानं जाऊन पाहून येता येईल."

"हात मांजरीचे असतील, डोकं ऑक्सफर्डचं आहे. मी थांबतो. स्वदेशी येईल तेव्हा येईन."

आणि तेव्हा अण्णांमध्ये काहीतरी हललं. त्यांनी बुशशर्टची बाही वर सारली. "नानासाहेबांना नको आहे ना? मग मला द्या."

व्याह्यानं घेतली आणि आपण घाबरलो, असं साताऱ्यात कळलं तर? पाचव्या मिनिटाला नानांचीही बाही वर गेली. देशाच्या लसीकरणात कोणाकोणाचा वाटा आहे याच्या जाहिराती पुढे पुष्कळ लागल्या, पण 'व्याह्याची खोड मोडणे' हे कारण मी कुठल्याच फलकावर पाहिलं नाही.

दोन दंड शेजारी शेजारी उघडे होते. दोघांवरही देवीच्या लशीचा तोच तो गोल, सुरकुतलेला वण. अण्णा लहानपणी देवी काढणाऱ्याला पाहून कणगीत लपले होते, आणि त्यांना पाय धरून बाहेर काढलं होतं, असं आजी सांगायची. मी ते बोलून दाखवलं नाही.

त्यानंतर निरीक्षण कक्ष. नियम असा की लस घेतल्यावर अर्धा तास तिथंच बसायचं. काही त्रास झाला तर डॉक्टर हाताशी असावेत म्हणून. दोन व्याही आणि मोकळा अर्धा तास यांची एकमेकांवर काय रिअॅक्शन होते, याची चाचणी मात्र कुणी केली नसावी. प्लास्टिकच्या खुर्च्या, एकाआड एक खुर्चीवर लाल पट्टीची फुली, कोपऱ्यात मान हलवणारा पंखा. त्या पंख्याची मान आणि माझी मान साधारण एकाच वेगानं फिरत होती.

नाना म्हणाले, "आपण काहीही म्हणा अण्णासाहेब, एवढ्या मोठ्या प्रमाणात लस देणारं हे पहिलंच सरकार."

"क्षमा करा. देवी कुणी घालवली? इंदिराबाईंनी. देशातला शेवटचा रुग्ण मे पंच्याहत्तर."

"आणि आणीबाणी जून पंच्याहत्तर! एक रोग गेला, महिन्यात दुसरा आणला. आणि देवी गेल्याचं प्रमाणपत्र मिळालं एप्रिल सत्त्याहत्तरला. पंतप्रधान कोण होते? मोरारजीभाई."

"म्हणजे पेरणी आमची आणि सातबारा आपल्या नावावर?"

नानांचा मास्क नाकाखाली आला. हा पहिला टप्पा. नेहरूंचा विषय निघाला की तो हनुवटीला लागतो.

"मग पोलिओ घ्या," अण्णा म्हणाले. "देशभर थेंब सुरू झाले डिसेंबर पंच्याण्णवला. नरसिंहराव. शेवटचा रुग्ण हावड्याला, तेरा जानेवारी दोन हजार अकरा. मनमोहनसिंग. प्रमाणपत्र मार्च दोन हजार चौदा. तेव्हाही मनमोहनसिंग. आपल्याला दोन महिने उशीरच झाला."

"त्याआधी दिल्लीत चौऱ्याण्णवच्या गांधीजयंतीला थेंब पाजायला सुरुवात कुणी केली? आमच्या हर्षवर्धनांनी."

"सुरुवात गांधीजयंतीला केली, एवढं मान्य केलंत, आभारी आहे."

मास्क हनुवटीला. समोरच्या आजी आता लसीचा त्रास विसरून खुर्ची पुढे ओढून ऐकत होत्या. मला वाटलं होतं हाफकिनचं नाव काढून वातावरण निवळेल. ओडेसात जन्मलेला माणूस मुंबईत येऊन प्लेगची लस बनवतो, जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतो, त्याच्या परळच्या प्रयोगशाळेला आज आपण त्याच्याच नावानं ओळखतो. यात कुठला पक्ष आला? मी एवढंच म्हटलं. दोघं एका सुरात म्हणाले, "तू मधे बोलू नकोस." आणि तिथून गाडी प्लेग, प्लेगवरून रँड, रँडवरून टिळक आणि टिळक आज असते तर कुठल्या पक्षात असते, इथपर्यंत गेली.

सिस्टर आल्या. एकीकडे मास्क वर करायला लावला, दुसरीकडे दोघांच्या दंडाला पट्टा बांधून हवा भरली. अण्णांचं वरचं १७०, नानांचं १७४. नाना आघाडीवर आहेत हे त्यांनी डोळ्यांनी अण्णांना कळवलं. डॉक्टर धावत आले. "लस घेतल्यानंतर वाढलं का?"

"नाही," मी म्हटलं, "आणीबाणीनंतर."

डॉक्टर हसले नाहीत. दोघांना आणखी अर्धा तास बसवलं. त्या अर्ध्या तासात बोफोर्स आणि कंदाहार झालं.

घरी आल्यावर मला वाटलं, सुटलो. पण दुसरा डोस बाकी होता. आम्हाला सहा ते आठ आठवडे सांगितले होते. तारीख जवळ आली आणि १३ मे रोजी ते अंतर बारा ते सोळा आठवडे झालं. अण्णा खवळले. "लशी नाहीत म्हणून तारखा पुढे ढकलतायत! महाराष्ट्राला मुद्दाम कमी देतायत!" ज्या लशीवर विश्वास नव्हता तीच कमी पडते म्हणून ते रोज सकाळी केंद्र सरकारला शिव्या घालू लागले. जेवण वाईट होतं आणि शिवाय वाढलं कमी, असा तो प्रकार. नानांचं म्हणणं, महाराष्ट्रात तिघाडी सरकार, त्यांना मोजता येत नाही. अंतराबद्दल म्हणाले, "लोणच्यासारखं असतं ते. जितकं मुरेल तितकं बरं." गणिताचा मास्तर शास्त्राच्या वर्गावर बदली गेला की असं होतं.

जूनमध्ये नाशिकच्या एका गृहस्थांच्या अंगाला लस घेतल्यावर चमचे चिकटतात अशी बातमी सगळीकडे फिरली. त्या दुपारी पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात अण्णा उघड्या अंगानं उभे. छातीवर दोन चमचे आणि पोह्यांची स्टीलची ताटली. शेजारी नाना, बनियन वर करून पोटावर उलथनं धरून. व्याही एकमेकांशी पूर्ण मनमोकळे झालेले मी तेवढेच पाहिले.

"चिकटतोय बघ," अण्णा कुजबुजले.

बायको आली. तिनं एक शब्द न बोलता पावडरचा डबा आणला आणि दोघांच्या अंगावर भसाभसा ओतला. चमचे खणखण खाली पडले. "घाम आहे तो," ती म्हणाली. "आणि ते उलथनं धुऊन ठेवा."

प्रमाणपत्रावर मोदींचा फोटो होता. नानांनी ते लॅमिनेट करून घेतलं. अण्णांनी अशी घडी घातली की फोटो आतल्या बाजूला जाईल.

मग मे २०२४ ची गोष्ट. नाना ७ तारखेला साताऱ्यात मत देऊन आमच्याकडे आले होते, पुण्याचं मतदान १३ ला होतं. घरातलं वातावरण तापलेलंच होतं, त्यात बातमी आली. कोविशिल्डमुळे फार क्वचित रक्ताच्या गाठी होऊ शकतात, असं मूळ कंपनीनं लंडनच्या कोर्टात मान्य केलंय. मी सांगत होतो की हे २०२१ च्या एप्रिलपासून माहीत आहे, तो त्रास झालाच तर सहसा पहिल्या काही आठवड्यांत होतो, आपल्याला तीन वर्षं झाली. कुणी ऐकत नव्हतं. पोर्टलवरच्या प्रमाणपत्रावरून मोदींचा फोटोही गेला होता. आचारसंहितेमुळे. अण्णांनी तीन वर्षांची घडी उलगडली आणि म्हणाले, "बघा, पळाले."

मग चहा आला. अण्णा फुंकर घालत म्हणाले, "मी तेव्हाच म्हणत होतो, लस नको."

नाना म्हणाले, "मीही तेव्हाच म्हणत होतो, ही लस नको."

तीन वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं होतं. थोडा वेळ दोघंही त्या धक्क्यात गप्प बसले. मग अण्णांनी कप खाली ठेवला.

"पण नानासाहेब, मग आपल्याला तिथं नेलं कुणी?"

नानांनीही कप खाली ठेवला. दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"हं," मी म्हटलं.