हसलात? कबूल करू नका!

विनोदी नाटक पाहणं जोखमीचं काम आहे, राजेहो. पहिलं म्हणजे तिकीट काढू नका. पास मिळेतो ओळखी उकरा. फुकटात पाहिलेल्या नाटकातले दोष लख्ख दिसतात.

नागपूरच्या देशपांडे सभागृहात तिसऱ्या घंटेनंतरच शिरा. अंधारात दहा-बारा गुडघे तुडवत आपल्या खुर्चीशी पोचा आणि शेजारच्याला विचारा, "काय झालं बा आतापर्यंत?"

मुंबईची मंडळी असतील तर कुठेतरी आपले 'तर्री पोहे' घुसडतीलच. संहितेत नसलेली तेवढीच ओळ आणि सगळ्यात मोठी टाळी तिलाच. परवा माझ्या पुढच्या रांगेतले एक काका त्या ओळीला इतके हसले, की चष्मा खुर्चीखाली गेला. तो चाचपडेपर्यंत पुढचे दोन हशे हुकले. मध्यंतरात समोशाचा कोपरा मोडत काका म्हणाले, "मधी नाटक पडलं थोडं." समीक्षक असे घडतात.

परीक्षण लिहिणं तर त्याहून सोपं. पहिला अंक पकड घेतो, दुसरा रेंगाळतो. नेपथ्य नेटकं, प्रकाशयोजना पूरक. थोडी कात्री लावली तर प्रयोग आटोपशीर होईल. हा मजकूर कोणत्याही नाटकाला बसतो, त्यासाठी दुसऱ्या अंकाला थांबावंही लागत नाही. (पार्किंगमधून गाडी आधी निघते, हा वरचा फायदा.) लोक पोट धरून हसले, हे मात्र लिहू नका. लिहावंच लागलं तर 'प्रेक्षकानुनय' हा शब्द त्यासाठीच केलेला आहे.

आणि फार्स असला की आशय विचारायचाच. 'चार्लीज आन्ट' 1892 साली लंडनला आली, तिथे तिचे 1466 प्रयोग झाले. अत्र्यांनी तिची 'मोरूची मावशी' केली, पुढे विजय चव्हाण साडी नेसून उभे राहिले आणि थिएटरं भरली. बाप्या बाई होतो यात आशय काय, हे हसण्याच्या नादात विचारायचं राहूनच गेलं. तुम्ही विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर मित्रांना तोच प्रसंग हातवारे करून दाखवा. तर्री शर्टावर सांडली, हसून हसून शेवटचं वाक्य तोंडातच राहिलं, तरी चालेल. फक्त सुरुवात अशी करा, "काही दम नाही बा त्या नाटकात..."