डॉक्टरसाहेब, आधी रिंग लाइट घ्या

डीएम कार्डिओलॉजी होऊन जळगावात दवाखाना टाकलात, अभिनंदन. स्टेथोस्कोप जुना चालेल, रील काढायला रिंग लाइट मात्र नवा घ्या.

सुरुवात हृदयाच्या नसेतल्या ‘99 टक्के ब्लॉकेज’पासून करा. 70 टक्के ब्लॉकेजवाल्याला कोणी शेअर करत नाही. पेशंटची ओळख लपवायची असते म्हणतात, तर लपवा की! डोळ्यांवर काळी पट्टी ओढा आणि खाली लिहा, ‘यावल तालुक्यातील 68 वर्षीय केळी उत्पादक, माजी सरपंच.’ टोपी, मिशा आणि शेजारी उभी थोरली सून तशीच राहू द्या. अँजिओच्या क्लिपच्या कोपऱ्यात नाव-वय असतं, पण ते कापायला बसलात तर फ्रेम बिघडते. संध्याकाळी पारावर कोणीतरी ओरडेलच, “आप्पा, तुम्हनी नस दखी मोबाईलमा!” आप्पांनी स्टेंटचं व्याह्यांना सांगितलं नव्हतं. ती त्यांची चूक, त्यांनी तुमचं पेज फॉलो करायला हवं होतं.

हिवाळ्यात भरीत-पुरीच्या पार्टीला गेलात की आधी तेलाचा तवंग शूट करा, ‘हे टाळा’ म्हणा, मग जेवायला बसा.

नियमांचं फार मनावर घेऊ नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2 ऑगस्ट 2023 ला फर्मान काढलं होतं की लाइक-फॉलोअर विकत घेऊ नका, पेशंटचे फोटो-स्कॅन टाकू नका. 23 ऑगस्टला ते स्थगितही झालं. तीन आठवडे! आमच्याकडे केळीचा घड पिकायला याहून जास्त लागतात. जाहिरातबाजी करून पेशंट ओढू नयेत, पेशंटची गुपितं फोडू नयेत, असं सांगणारे 2002 चे नियम आहेत म्हणा अजून. पण तेव्हा रील कुठे होतं?

एक मात्र टाळा. रात्री दोनला सातपुड्यातल्या धडगावहून एखादा मेडिकल ऑफिसर व्हॉट्सॲपवर ईसीजी टाकतो. नावावर अंगठा ठेवून काढलेला, जरा हललेला फोटो. “सर, एसटी वर आहे ना?” म्हणजे, हार्ट अटॅकच ना? तुम्ही अर्धवट झोपेत लिहिता, “हो. लोडिंग डोस दे, 108 बोलव, मी जागा आहे.” पुढचा तासभर फक्त “सर, बीपी 100” आणि “सर, निघाली गाडी.” ना हॅशटॅग, ना बिफोर-आफ्टर. सकाळी तो पोरगा एक हात जोडलेला इमोजी पाठवतो, तोही पर्सनलवर.

अशाने पेज वाढत नसतं, साहेब.