‘कुठलाही स्विच चालतो’ म्हणणाऱ्या वाचकांना

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे, तेव्हा उत्तरही तसंच देतो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: घरातल्या आयजीटी कंपनीच्या एस-प्लस स्लॉट मशीनचा पॉवर स्विच कसा बदलला, यावर मी लिहिलं होतं. तुमच्या मते तो राईचा पर्वत. मशीन चालताना दोन अँपिअरसुद्धा खात नाही, मग हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही स्विच लावावा आणि मोकळं व्हावं. शिवाय असले उद्योग लोकांना शिकवू नयेत, इलेक्ट्रिशियनला बोलवा म्हणून सांगावं. आणि जाता जाता टोमणा, की सभ्य मराठी घरात जुगाराचं यंत्र हवंच कशाला?

टोमण्याचं आधी उरकतो. मी कॅलिफोर्नियात राहतो. इथे 25 वर्षांहून जुनं स्लॉट मशीन घरी ठेवायला कायद्याची आडकाठी नाही, फक्त त्यावर जुगार चालवायचा नाही. नाणी माझी, ती बाहेर टाकणारा हॉपर माझा. जिंकलो काय नि हरलो काय, पैसा घरातल्या घरात.

आता स्विच. दोन अँपिअरचं तुमचं गणित बरोबर आहे, पण ते चालू असलेल्या मशीनचं. स्विचचा कस लागतो तो खटका दाबतो त्या क्षणी. आत लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर आहे. मागच्या वेळी बंद करताना त्या गाभ्यात थोडं चुंबकत्व शिल्लक राहिलेलं असतं. व्होल्टेज शून्यातून वर चढत असताना नेमका खटका पडला आणि हे उरलेलं चुंबकत्वही त्याच दिशेचं निघालं, की गाभा संपृक्त होतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही. मग प्रवाह अडवायला तांब्याच्या तारेचा जेमतेम रोध तेवढा उरतो. पहिल्या अर्ध्या आवर्तनात, म्हणजे इथल्या 60 हर्ट्‌झला सुमारे 8 मिलिसेकंदांत, नेहमीच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त प्रवाह धावू शकतो. आणि नेमके त्याच वेळी स्विचचे कॉन्टॅक्ट एकमेकांवर आपटून उसळत असतात. ठिणगी पडते, धातूचा कण वितळतो, पुन्हा गोठतो.

हा दणका दर वेळी बसत नाही, खटका कुठल्या क्षणी पडला त्यावर ते अवलंबून. म्हणून तर नको तो स्विच महिनोन्‌महिने बिनतक्रार चालतो आणि ‘बघा, काही होत नाही’ म्हणायला लोक मोकळे होतात.

माझा जुना स्विच काढल्यावर मी फोडून पाहिला. एका कॉन्टॅक्टवर खड्डे, भोवती काजळी. पण त्याहून बोलकी होती ती बाहेरची बाजू. तारा जोडायच्या चार पात्यांपैकी एकीच्या बुडाचं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं आणि तिच्यावरचा लग, म्हणजे तारेच्या टोकाची पातीवर बसणारी धातूची टोपी, नुसत्या दोन बोटांनी निघून आला. चांगला लग पकडीशिवाय हलत नाही. लग सैल झाला की रोध वाढतो, रोधानं तो तापतो, तापून त्याचा ताण जातो आणि तो आणखी सैल होतो. अशा लगवर नवा कोरा स्विच चढवला तर थोड्या दिवसांत तोही तपकिरी पडणार. तार थोडी मागे कापून नवा 6.3 मिलिमीटरचा लग क्रिम्प करा, म्हणजे तारेवर दाबून घट्ट बसवा, हे मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं. तुम्ही त्यालाच ‘फाफटपसारा’ म्हणालात.

स्विचच्या अंगावरचं वाचायची सवय लावून घ्या. ‘16(4)A 250V~’ असं असेल तर 16 अँपिअर हीटरसारख्या साध्या भारासाठी. मोटरसारख्या भाराला कंसातला 4 चा आकडा. अमेरिकी स्विचवर टीव्ही-5, टीव्ही-8 असे शिक्के असतात, ते खास सुरुवातीच्या दणक्यासाठी: टीव्ही-5 ला 78 अँपिअर, टीव्ही-8 ला 117. मी टीव्ही-8 वाला घेतला. किमतीत फरक एका कॉफीचाही नाही.

एकाच तारेत स्विच टाकून भागत असताना दोन्ही तारा तोडणारा कशाला, असंही तुम्ही विचारलंत. कारण जुन्या घरांत भिंतीतल्या सॉकेटचे फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले सापडतात. तिथे एकेरी स्विच न्यूट्रल तोडतो. मशीन बंद दिसतं, पण आतल्या तारांत 120 व्होल्ट तसेच.

इलेक्ट्रिशियनबद्दल अर्धं पटतं. वर म्हटलेलं उलटं सॉकेट निघालं तर त्यालाच बोलवा, भिंतीतलं काम त्याचं. मशीनच्या पोटातलं काम मात्र, निदान मी विचारलं तेवढे तरी, अंगावर घेत नाहीत. ज्याला प्लग उपसून तो डोळ्यांसमोर ठेवून काम करायची शिस्त आहे, त्याला हे जमतं. इथे बरेच जण फसतात: दार उघडलं म्हणजे वीज गेली असं समजतात. दाराचा सेन्सर बोर्डाला फक्त ‘दार उघडलंय’ एवढंच कळवतो, वीज तोडत नाही. जुन्या पिक्चर ट्यूबचं व्हिडिओ पोकर असेल तर मात्र मीही म्हणेन, हात लावू नका. ट्यूबमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज टिकून राहतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, दिवा असलेला स्विच चालेल का? चालेल, पण दिवा 120 चा बघून घ्या. भारतातून आणलेला 230 चा निऑन इथे मिणमिणतो. आणि आत येणाऱ्या व मशीनकडे जाणाऱ्या तारांची अदलाबदल झाली तर मशीन बंद असतानाही दिवा पेटलेलाच राहतो. माझा स्विच आत, बंद दारामागे आहे. मी बिनदिव्याचाच बसवला.