शनीला कान दिसतात म्हणणाऱ्या ताईंसाठी

दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही. लिहून टाकल्याशिवाय झोप लागायची नाही, म्हणून लिहायला बसले. लांबलचक होणार आहे.

आकाशनिरीक्षणाच्या ज्या ग्रुपवर मी नऊ वर्षं आहे (नाव घेत नाही, तिथे असणाऱ्यांना कळेलच), तिथे काल रात्री एका नवीन बाईंनी पोस्ट टाकली. आयपीसला, म्हणजे दुर्बिणीत डोळा लावायच्या भिंगाला, मोबाइल टेकवून काढलेला फोटो. हललेला, मधोमध पिवळट ठिपका. खाली लिहिलेलं, "शनीला दोन्ही बाजूंना कान असल्यासारखं दिसतंय. माझी दुर्बीण खराब आहे का?"

दोन वाक्यं, बस.

सकाळपर्यंत खाली कमेंट्सचा ढीग. हसणारे चेहरे. "आधी पिन केलेली पोस्ट वाचा." "ही दुर्बीण नाही, खेळणं आहे." "किमान आठ इंची डॉब घ्या, मग या." (डॉब म्हणजे डॉब्सनियन, मोठ्या आरशाची दुर्बीण.) एका महाशयांनी तर त्याच फोटोवर सशाचे कान चिकटवून परत टाकला आणि त्याला मूळ पोस्टच्या कितीतरी पट लाइक्स. दुपारी पाहते तर पोस्ट गायब. ॲडमिनने काढली नव्हती, बाईंनीच काढली होती आणि ग्रुपही सोडला होता.

आता जे हसले त्यांना सांगते. 1610 साली गॅलिलिओने शनीकडे दुर्बीण रोखली तेव्हा त्याला कडी दिसली नव्हती. मध्ये एक मोठा गोळा, दोन्ही बाजूंना दोन लहान, तिघे एकमेकांना चिकटलेले, असं त्याला दिसलं आणि तसंच त्याने कळवलं. दोन वर्षांनी पाहतो तर बाजूचे दोघे नाहीसे! कडी आपल्याला बरोबर धारेवरून दिसायला लागली की इतकी पातळ होते की दिसतच नाही, हे त्याला कळणार कुठून? ती कडी आहे हे हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने छापून सांगेपर्यंत 1659 साल उजाडलं. त्या कडीच्या दोन टोकांना खगोलशास्त्रात आजही 'अन्सा' म्हणतात. लॅटिन शब्द आहे, अर्थ मूठ. भांड्याचे कान म्हणतो ना आपण, तेच ते.

त्या बाईंना जे दिसलं ते बरोबर दिसलं होतं. पन्नास वर्षं युरोपातले शहाणे ज्या कोड्याशी झगडले, तिथे त्या पहिल्याच आठवड्यात पोचल्या होत्या, एकट्या, कुणी काही न शिकवता. आणि आम्ही काय केलं? सशाचे कान चिकटवले.

मला इतकं का लागलं ते सांगते. नऊ वर्षांपूर्वी याच ग्रुपवर मी असाच प्रश्न विचारला होता, आणि तो तर याहून अडाणी होता. कुणाकडून तरी जुनी 60 मिलिमीटरची दुर्बीण मिळाली होती. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 525 पट. मला वाटलं, 525 पट म्हणजे शनी अंगावरच येणार. म्हणून सगळ्यात बारीक, 4 मिलिमीटरचा आयपीस लावला (आकडा जितका लहान तितकी पट जास्त), त्यामागे तिप्पट करणारं बार्लो भिंग. तीन रात्री गच्चीवर गुडघे टेकून बसले. नुसता काळोख. शेवटी ग्रुपवर लिहिलं, "दुर्बिणीतून सगळं काळंच दिसतंय, काय करू?"

रात्री अकराच्या सुमारास एका काकांचा मेसेज आला. ओळख ना पाळख. "ताई, खोक्यावरचा आकडा विसरा. 60 मिलिमीटरच्या दुर्बिणीला 120 पटीच्या पुढे काही अर्थ नसतो. 25 चा आयपीस लावा. त्याने 28 पटच दिसेल, पण आकाशाचा मोठा तुकडा दिसेल आणि शनी सापडेल. उद्या दिवसाउजेडी लांबचा एखादा खांब दुर्बिणीत मधोमध धरा आणि तोच खांब फाइंडरच्या, म्हणजे वर बसवलेल्या छोट्या नेम धरायच्या दुर्बिणीच्या, फुलीवर येईपर्यंत त्याचे स्क्रू फिरवा. मग रात्री या." दुसऱ्या रात्री मी लिहिलं, सापडला, पण थरथरतोय. उत्तर आलं, "हात काढा. ट्रायपॉड शांत होऊ द्या. आता 10 चा लावा. डोळा टेकवू नका, नुसता जवळ न्या."

आणि दिसला. हरभऱ्याच्या डाळीएवढासुद्धा नसेल. भोवती कडी आणि ग्रह नि कडी यांच्यामध्ये किंचित काळी फट. मी श्वास धरून बघत होते आणि तो हळूहळू एका कडेला सरकत बाहेर निघून गेला, कारण पृथ्वी फिरत होती. पृथ्वी फिरते हे शाळेत पाठ केलं होतं. ती फिरताना मी त्या रात्री पाहिली.

काकांनी तेव्हा मला एकही प्रश्न विचारला नव्हता. दुर्बीण कोणत्या कंपनीची, किती वर्षांचा अनुभव, आधी काय वाचलंय, काही नाही.

हो, मान्य आहे, तेच ते प्रश्न येतात आणि जुन्यांना कंटाळा येतो. 2003 च्या ऑगस्टमध्ये मंगळ जवळजवळ साठ हजार वर्षांत आला नव्हता इतका जवळ आला, आणि तेव्हापासून दर ऑगस्टला "मंगळ चंद्राएवढा दिसणार" हा फॉरवर्ड उगवतोच. ॲडमिनचं डोकं फिरतं, मीही चिडते. आणि एका बाबतीत तर कडक असायलाच हवं. स्वस्त दुर्बिणींबरोबर कधीकधी आयपीसवर लावायचा काळा 'सन फिल्टर' येतो, तो उन्हाच्या उष्णतेने तडकू शकतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. तो लावून कुणी सूर्य बघायला निघालं तर ओरडा, पोस्ट उडवा, काहीही करा, मी तुमच्या बाजूने आहे.

पण शनीला कान दिसले म्हणून कुणाचा डोळा जातो?

आणि ती 'आठ इंची डॉब'! हे वाक्य वाचून तर तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या जॉन डॉब्सनच्या नावाने तुम्ही लोकांना हुसकावता तो माणूस कोण होता माहीत आहे ना? मठात राहणारा संन्यासी. जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा घासून आरसे करायचा, प्लायवूड आणि पुठ्ठ्याच्या नळ्या जोडून दुर्बिणी उभ्या करायचा. मठ सुटल्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर त्या लावून येणाऱ्याजाणाऱ्याला बोलवायचा, या, बघा. 1968 साली त्याने नि त्याच्याबरोबरच्यांनी जी मंडळी उभी केली तिचं नावच 'साइडवॉक ॲस्ट्रॉनॉमर्स'. ज्याच्याकडे काही नाही त्यालाही बघता यावं म्हणून केलेली वस्तू ती, आणि तुम्ही तिचाच उंबरठा करून ठेवलात.

दोन वर्षांपूर्वी ग्रुपवर प्रवेशासाठी फॉर्म आला. कोणती उपकरणं आहेत? मेसिएच्या यादीतल्या 110 पैकी (तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका) किती पाहिलेत? आकाशातला अंधार कोणत्या दर्जाचा? मी तेव्हा काही बोलले नाही, वाटलं, खोटी खाती येत असतील. जुन्या सभासदांनीही भरायचा होता. मी भरला. काकांनी भरला नाही. त्यांना फोन केला तर म्हणाले, "अगं, मी कधी मोजलेच नाहीत. आणि उपकरण म्हणून काय लिहू, माझ्याकडे दुर्बीणच नाही."

मला खरंच वाटलं नव्हतं. ज्या माणसाने मला फाइंडर जुळवायला शिकवला त्याच्याकडे आयुष्यात कधी स्वतःची दुर्बीण नव्हती. एक 10 बाय 50 ची द्विनेत्री, तेवढीच. बाकी सगळं दुसऱ्यांच्या दुर्बिणींना डोळा लावून शिकलेलं. त्या फॉर्ममध्ये काका नापास झाले. मी पास झाले.

थॉमस बॉप आठवतो का? बांधकामाच्या साहित्याच्या कंपनीत नोकरी करणारा माणूस. 23 जुलै 1995 च्या रात्री ॲरिझोनात मित्राच्या दुर्बिणीतून एक तारकागुच्छ बघत होता आणि शेजारी एक धूसर ठिपका दिसला. त्याच रात्री ॲलन हेललाही तो दिसला. हेल-बॉप धूमकेतू! नुसत्या डोळ्यांनी अठरा महिने दिसत राहिला. त्या वेळी बॉपकडे स्वतःची दुर्बीण नव्हती. आमचा फॉर्म त्याने काय भरला असता?

आता राग उतरला थोडा, तर जे टाळत होते ते लिहिते. ती पोस्ट मी काल रात्रीच पाहिली होती. तेव्हा खाली दोनच कमेंट होत्या, त्यातली एक हसणारी. उत्तर मला तोंडपाठ होतं. पण दमले होते. म्हटलं, उद्या सविस्तर लिहू. फोन उलटा ठेवला आणि झोपले. काका त्या रात्री अकरा वाजता दमलेले नसतील का?

बाईंचं नावही नीट लक्षात नाही. मगाशी बराच वेळ शोधलं, सापडल्या नाहीत. काकांना फोन करून सगळं सांगितलं. ते ग्रुपबद्दल एक शब्द बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "कुठला आयपीस लावला होता त्यांनी?"

ताई, ही पोस्ट कुणी तुमच्यापर्यंत पोचवली तर एवढं करा. दुर्बीण खराब नाहीये. फोटोवरून वाटतं की तुम्ही कमी पटीचा आयपीस लावला आहे, म्हणून कडी सुटी दिसत नाही, कान वाटतात. खोक्यात 10 चा असेल. 25 ने शनी बरोबर मधोमध आणा, दुर्बिणीला धक्का न लावता 10 चा बसवा, फोकस अगदी हळू फिरवा. मग हात काढा आणि थरथर थांबेपर्यंत थांबा. तो सरकत सरकत बाहेर जाईल, घाबरू नका, परत आणायचा. काही अडलं तर मला इनबॉक्स करा. रात्री कितीही वाजलेले असू देत.